न छेडलेल्या तारेचा नाद

तंतुवाद्यातील तार जेथे छेडावी तेवढीच वाजते, हा समज जितका स्वाभाविक तितकाच फसवा आहे, कारण जवळपास प्रत्येक तारेला तिच्या वाजत्या लांबीच्या पलीकडे एक शिल्लक तुकडा असतो आणि तो तुकडाही ताणलेलाच असल्यामुळे संधी मिळाली की आपला स्वर लावतो. इलेक्ट्रिक गिटारची वाजती लांबी नट आणि ब्रिज या दोन आधारांच्या मध्ये मोजतात. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचा पाडलेली पट्टी आणि ब्रिज म्हणजे सतारीच्या घोडीचे काम करणारा, खोडावर बसवलेला धातूचा आधार. नटच्या पलीकडे खुंटीपर्यंत आणि काही घडणींत ब्रिजच्या मागेही तार उरते, तिला वादकाचे बोट कधी लागत नाही, आणि नेमक्या याच अनाथ तुकड्यांतून ती बारीक, काचेवर नखी आपटावी तशी किणकिण निघते, जी वादकाने सुरावट झटक्यात थांबवल्यावर मागे लोंबकळत राहते.

या किणकिणीचे कारण अनुनाद हे आहे. एका कंप पावणाऱ्या वस्तूच्या कंपनसंख्येशी दुसरीची स्वाभाविक कंपनसंख्या जुळली की दुसरी न छेडता कंप पावू लागते, यालाच अनुनाद म्हणतात. हिशेब सोपा आहे. स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या गिटारवर वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असते आणि पाचवी तार मोकळी वाजवली तर सेकंदाला ११० कंपने देते. नटमागे तिचा ६० मिलिमीटरचा तुकडा उरला आहे असे धरले, तर ताण दोन्हीकडे जवळपास सारखाच असल्याने आणि कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात वाढत असल्याने, तो तुकडा सेकंदाला सुमारे १,१९० कंपनांचा स्वर धरून बसतो. इतका उंच स्वर क्वचितच कोणी वाजवत असला तरी खालच्या तारांच्या वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत, तो सतत डोकावतो, आणि अँप्लिफायरचा गेन, म्हणजे सूक्ष्म संकेतही मोठा करणारी वाढ, चढवली की जे एरवी कानाआड गेले असते ते सभागृहभर ऐकू येते.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न समजून घेण्यासाठी गिटारपेक्षा जुने आणि गिटारपेक्षा प्रामाणिक एक वाद्य हाताशी आहे, ते म्हणजे तुळजाभवानीच्या गोंधळ्याचे तुणतुणे. तुळजापूरच्या देवीचे गोंधळी कदमराई म्हणवतात, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, आणि दोघांच्याही गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणे असते. पोकळ लाकडी खोड, त्याच्या तळाला ताणून बसवलेले चामडे, खोडाच्या कडेला ठोकलेली काठी, काठीच्या माथ्यावर खुंटी आणि चामड्याच्या मध्यातून निघून त्या खुंटीला भिडणारी एकच तार, एवढाच त्याचा संसार. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या मस्तकाला भोक पाडले, त्यात तंतू ओवला आणि ते वाद्य वाजवत रेणुकेला वंदन केले, अशी त्याच्या जन्माची कथा सांगितली जाते. कथा म्हणून ती भीषण असली तरी पोकळी, छिद्र आणि तार हे वाद्याचे तिन्ही घटक तिने बिनचूक सांगितले आहेत, हे मान्य करावे लागते.

या वाद्यात तार जवळजवळ पूर्णपणे वाजते, म्हणजे अनाथ तुकडा असा उरतच नाही. तुणतुण्यात नको असलेला आवाज आला तर तो अनुनादाचा क्वचितच असतो. तो खडखडीचा असतो. काठी खोडाशी सैल झाली, चामड्यामागे तारेची गाठ ज्या चकतीवर टेकते ती चकती हलू लागली किंवा गळ्यातली कवड्यांची माळ वाजवताना खोडाला लागली, की ताल सोडून टकटक सुरू होते. खडखड आणि अनुनाद या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांची औषधेही उलट आहेत, ही गोष्ट तुणतुणे जितक्या स्पष्टपणे शिकवते तितकी गिटार शिकवत नाही. खडखडीला घट्टपणा लागतो, अनुनादाला मऊपणा. सैल झालेल्या स्क्रूशेजारी फोम कोंबला तर खडखड नुसती दबते आणि महिन्याभराने परत येते. उलट, किणकिणणाऱ्या तारेच्या खुंट्या आवळत बसले तर सूर तेवढा बिघडतो आणि किणकिण आहे तिथेच राहते.

म्हणून दुरुस्तीचे खरे काम हत्यार उचलण्यापूर्वीच होते. जाणता कारागीर गिटार अँप्लिफायरला न जोडता मांडीवर घेतो, एका तळव्याने सर्व तारा वाजत्या लांबीत दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताच्या नखाने नटमागचे तुकडे एकेक करून छेडतो. मग तारा मोकळ्या सोडून एक जोरकस स्वर वाजवतो, तो झटक्यात थांबवतो आणि शेष आवाज चालू असतानाच संशयित जागेवर बोट टेकवतो. बोट टेकताच आवाज मेला तर जागा सापडली. ट्रेमोलो असलेल्या, म्हणजे दांडीने ब्रिज हलवून स्वर लववता येणाऱ्या गिटारमध्ये नटमागे काहीच न सापडल्यास पाठीवरचे झाकण काढावे लागते, कारण आतल्या पोलादी स्प्रिंगा ब्रिजलाच अडकवलेल्या असतात आणि प्रत्येक आघातानंतर विहिरीत हाक मारल्यासारखा घुमारा परत पाठवतात. उपाय बहुधा हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त असतो: नटमागे तारांच्या खालीवर ओवलेली फेल्टची पट्टी किंवा केसांना बांधायचा कापडी रबर, आणि स्प्रिंगांच्या मध्ये फोमचा तुकडा. एवढ्याने भागत असताना पिकअप, म्हणजे तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग, बदलण्याचा सल्ला देणारे दुकानदार आणि तो मानणारे वादक दोघेही विपुल आहेत. मात्र नटच्या खाचेत पट्टी घुसता कामा नये, नाहीतर तार खाचेत अडकून सूर उतरतो आणि एका त्रासाच्या जागी दुसरा येतो.

या नकोशा नादावर कारखान्यांनीही विचार केला होता. फेंडर कंपनीच्या १९५८च्या जॅझमास्टरमध्ये ब्रिजमागे तारेचा बराच लांब तुकडा मोकळा राहत असे. १९६२च्या जॅग्वारमध्ये त्याच कंपनीने तारांना खालून दाबणारी फोमची पट्टी बसवली. पुढे सोनिक यूथ या अमेरिकन बँडच्या वादकांनी जॅझमास्टरचा तो मागचा तुकडाच मुद्दाम वाजवायला घेतला. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला याचे नवल वाटू नये, कारण सतारीला तरफेच्या तारा लावायच्याच मुळी न छेडता वाजण्यासाठी, आणि तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून, त्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवत जी जवारी काढली जाते, तीही गिटारवाल्याच्या कानाला सुरुवातीला निव्वळ खरखर वाटेल. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले की तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीमुळे, तार ज्या बिंदूवर छेडली तेथे जे स्वरांश नियमाने गैरहजर असायला हवेत, तेही जोमाने ऐकू येतात. तीच भौतिकी, एका घरात अलंकार आणि दुसऱ्यात तक्रार.

बालाघाटाच्या माथ्यावरच्या या कोरड्या मुलखात हवामानाचाही हात असतो. उन्हाळ्यात लाकूड आकसते, चामडे ताठ होते, गिटारचा नट आपल्या बैठकीत किंचित सैल पडतो. परतीच्या पावसात हवा दमट झाली की चामडे ढिले पडते, आणि शारदीय नवरात्र नेमके त्याच सुमारास येते. त्यामुळे तुळजापूरच्या वाटेवरील एखाद्या भक्तिगीतांच्या मंचावर संबळ, तुणतुणे आणि इलेक्ट्रिक गिटार शेजारी आले, तर तिघांचेही कान पिळण्याची वेळ एकाच आठवड्यात येते. गोंधळी चामडे विस्तवाजवळ धरून शेकतो, तुणतुण्याची खुंटी पिळतो आणि चकतीवर अंगठा ठेवून ती हलते का पाहतो. गिटारवादकाने त्या आठवड्यात फेल्टची जुनी पट्टीही तपासावी, कारण तारांखाली वर्षभर दबून ती पापडासारखी चपटी झालेली असते आणि तिच्या दोन कडांमधून सर्वांत बारीक तार पुन्हा किणकिणू लागलेली असते.