सांगण्यापूर्वीं विचारावें

शिक्षकाच्या तोंडीं दोन क्रियापदें सदैव असतात : सांगणें आणि विचारणें. परंतु आम्ही मुलांस जें विचारतों, त्याचें उत्तर बहुधा आम्हांस आधींच ठाऊक असतें. पानिपतची तिसरी लढाई कोणत्या सालीं झाली, हें आम्ही कांहीं स्वतःच्या माहितीसाठीं विचारीत नाहीं. ज्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं, केवळ मुलापाशींच आहे, असा प्रश्न आम्हीं आजवरच्या नोकरींत किती वेळां विचारला, याचा हिशेब करूं लागलों म्हणजे मान खालीं घालावी लागते. या वार्षिकासाठीं लिहिण्याची सूचना झाली तेव्हां एखादी गोड आठवण लिहावी असें प्रथम मनांत आलें. परंतु स्वतःची एक चूक लिहिली तर ती विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या अधिक उपयोगीं पडेल, असें वाटून पुढील हकीकत देत आहों.

गोष्ट सन २००९ मधील. त्या वेळीं आम्ही अहमदनगर जिल्ह्यांतील एका शाळेंत होतों. या जिल्ह्यास आतां अहिल्यानगर म्हणतात. पाथर्डी-शेवगांवकडील कित्येक गांवें दसरा-दिवाळीच्या सुमारास रिकामीं होऊं लागतात. पावसावरची शेती घरास पुरत नाहीं. म्हणून मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठीं उन्हाळा लागेपर्यंत साखर कारखान्यांच्या उसाच्या फडांत राबावयाचें, हा तिकडील अनेक घरांचा क्रम आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ समजतात. एकानें ऊस तोडावयाचा, दुसऱ्यानें मोळ्या बांधून वाहावयाच्या. दोघांपैकीं एक जण घरीं बसला कीं कोयता मोडला. अशा स्थितींत तान्ह्या लेकरास कोणी पाहावें ? कोपीवर थोरली बहीण असते, ती पाहते. आणि तितके महिने शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली जाते.

आमच्या आठवीच्या वर्गांत अशीच एक मुलगी होती. गणितांत तिची बुद्धि फार चांगली चाले. ही मुलगी फडावर जाऊं द्यावयाची नाहीं, असा आम्हीं निश्चय केला. वसतिगृहांत तिच्यासाठीं जागा मिळविली, खर्चाची तजवीज केली, आणि हें सर्व झाल्यावर मग तिच्या वडिलांस बोलावणें धाडलें. ते आले. बरोबर आई होती, तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता, आणि मुलगी दाराशीं उभी होती. आम्ही अर्धा तास शिक्षणाच्या महत्त्वावर बोललों. शेवटीं वडील हात जोडून म्हणाले, “सर, तुम्ही म्हणाल तसं.” आई कांहीं बोलली नाहीं. मुलगीहि कांहीं बोलली नाहीं. तें मौन म्हणजेच संमति, असें आम्ही समजलों, आणि एका लेकराचें शिक्षण वांचविल्याच्या समाधानांत घरीं गेलों.

नाताळ झाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत एके सकाळीं वसतिगृहाच्या बाईंचा निरोप आला कीं मुलगी खोलींत नाहीं. आम्ही तसेच एस. टी. स्थानकावर धांवलों. ती एका बांकावर मांडीवर बोचकें घेऊन बसली होती. कोपीवरच्या चुलींत धाकट्या भावाचा हात भाजल्याची बातमी तिला आदल्या दिवशीं गांवच्या एका बाईकडून कळली होती. आम्हीं रागावूं नये, इतकी बुद्धि देवानें त्या वेळीं दिली. “आम्हांला सांगितलं का नाहीं ?” एवढेंच आम्हीं विचारलें. ती खालीं पाहत म्हणाली, “सर, तुम्ही विचारलंच कुठं ?”

आम्ही स्वतः तिला घेऊन प्रवराकांठच्या त्या फडावर गेलों. आईनें आम्हांस बसावयास पोतें दिलें, पाणी दिलें, आणि मग शांतपणें म्हणाली, “पोरीला शाळेत ठेवायचं, तर पोराला कुठं ठेवायचं, हे मी तवाच इचारणार होते.” त्या वाक्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आजहि विसरवत नाहीं. मुलाचा हात पुढें बरा झाला, परंतु आंखडलेलीं दोन बोटें तशींच राहिलीं. मुलगी त्या वर्षीं परत आली नाहीं.

जून २०१० मध्यें, एका रविवारीं उपासना आटोपल्यावर आम्ही त्यांच्या गांवीं गेलों. या वेळीं आमच्यापाशीं कांहींहि ठरलेलें नव्हतें. मुलीस समोर बसवून विचारलें, “बाळ, तुला काय हवं आहे ? आणि तें कसं जमेल असं तुला वाटतं ?” तिचें उत्तर जणूं वर्षभर तयारच होतें. तिला शाळा हवीच होती. आईची आई मामाकडे असे. तिनें हंगामाचे महिने येथें येऊन राहावें, म्हणजे भाऊ गांवींच राहील. आपण आठवी पुन्हा करूं, आणि रोज एस. टी. नें येऊं, मात्र गाडी उशिरां पोंचते, तेव्हां पहिल्या तासाची सूट मिळावी. वडिलांस ही योजना एकदम रुचली नाहीं. सासूबाई जांवयाच्या घरीं राहिल्या तर लोक काय म्हणतील, ही त्यांची अडचण. तेव्हां आई प्रथमच मोठ्यानें बोलली : “लोक पोराचा हात बघायला आले होते का ?” वडील कांहीं वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं आपली एक अट घातली : मुलीनें अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोंचावें. आईनेंहि एक अट घातली : दर शनिवारीं मुलांचा आवाज फोनवर ऐकावयास मिळावा. दोन्ही अटी रास्तच होत्या. मुख्याध्यापकांनीं पहिल्या तासाची सूट दिली. शनिवारच्या फोनचें काम आमच्याकडे आलें. मार्च २०१३ मध्यें ती मुलगी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली.

वाचकहो, पहिल्या खेपेस आमची कळकळ खोटी नव्हती. आमची माहिती अपुरी होती. आजी कोठें आहे, गाडी केव्हां येते, भावाचें कोण करील, हें त्या घरास ठाऊक होतें आणि आम्हांस नव्हतें. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय करावयाचा, त्यांनाच वगळून तो केला, तर अर्धें सत्य दाराबाहेर उभें राहतें.

ही गोष्ट आतां जगानेंहि मान्य केली आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २० नोव्हेंबर १९८९ रोजीं बालकांच्या हक्कांचा करार स्वीकारला, आणि भारतानें १९९२ मध्यें त्यास मान्यता दिली. त्याच्या १२ व्या कलमाचा आशय असा कीं, ज्या बालकास स्वतःचें मत बनवितां येतें, त्यास आपल्यासंबंधींच्या सर्व बाबींत तें मोकळेपणीं मांडण्याचा हक्क आहे, आणि त्याचें वय व समज पाहून त्या मतास योग्य तें वजन दिलें पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून आपल्या देशांत अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेंहि शाळा-व्यवस्थापन समितींत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें ठरविलें. परंतु कायदा खुर्ची मांडून देतो. खुर्चीवर बसलेल्या माणसास बोलतें करणें हें आपलें काम आहे.

आपल्या ख्रिस्ती समाजास हा धडा जुना आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयांत लक्ष्मीबाईंस वांटा नव्हता. पुढें कित्येक वर्षें पतिपत्नींस एकमेकांपासून दूर राहावें लागलें. तें दुःख लक्ष्मीबाईंनीं १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. टिळकांच्या श्रद्धेविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. तरी त्या वियोगाचें मोल घरानें दिलें, हेंहि खरें. लक्ष्मीबाईंनीं पुढें १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. आणि शुभवर्तमानांतील यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय आठवा. त्यास काय हवें आहे, हें आसपासच्या पोरासोरांनाहि दिसत होतें. तरी आपण त्याच्यासाठीं काय करावें, हें प्रभूनें आधीं त्यालाच विचारलें. जो सर्व जाणत होता त्यानें विचारलें. आम्ही तर अर्धवट जाणणारे!

कोणी पालक म्हणतील, “मग मुलें सांगतील तसेंच करावयाचें काय ?” नाहीं. मत ऐकणें निराळें आणि हट्ट पुरविणें निराळें. एकदां वसतिगृहांतील मुलांनीं संध्याकाळचा अभ्यासाचा तास बंद करण्याची मागणी केली. ती आम्हीं नाकारली, परंतु कारण विचारलें. तेव्हां कळलें कीं नळास पाणी नेमकें त्याच वेळीं येई, आणि कपडे धुण्याची दुसरी सोयच नव्हती. तास अर्ध्या तासानें पुढें ढकलला, तक्रार मिटली. जेथें ‘नाहीं’ म्हणावें लागतें, तेथें कां ‘नाहीं’, तें मुलास समजावून सांगावें. ऐकून घेतलेल्या मुलास नकारहि सोसतो.

पालकहो, दहावीनंतर मुलानें कोणती शाखा घ्यावी, मुलीस कोठें शिकावयास ठेवावें, घर कोणत्या गांवीं हलवावें, हे निर्णय तुमचेच आहेत. जबाबदारीहि तुमचीच आहे. परंतु शेवटचा शब्द उच्चारण्यापूर्वीं एकदां मुलास जवळ बसवा, आणि त्याच्या आईसहि बोलूं द्या. विद्यार्थ्यांनो, तुम्हांसहि सांगणें आहे. कोणी विचारलें असतां “तुम्ही म्हणाल तसं” म्हणून मोकळे होऊं नका. मनांत असेल तें नम्रतेनें पण खरें बोला. आणि घरांत तुमच्याहून धाकटें कोणी असेल, तर आजपासून त्यालाहि विचारीत जा.

ती मुलगी आतां स्वतः आई आहे. मागच्या दिवाळींत ती भेटावयास आली होती. तिच्या चार वर्षांच्या मुलापुढें आम्हीं लाडू धरला, तेव्हां ती हंसून म्हणाली, “सर, आधी विचारा त्याला.” आम्हीं विचारलें. त्याला चिवडा हवा होता.