मसुऱ्याचा अनंत

मैत्रिणींनो, आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे मसुरे तुम्हांला ऐकून माहीत असेल. पण एकदा पावसाळ्याच्या तोंडावर जा. भरतगड बघा आणि अंगणातला अनंतही बघा.

अनंत तीन तऱ्हांचा. एकेरी सहा पाकळ्यांचा, त्याला नारिंगी फळं धरतात. दुहेरी टपोरा, वेणीत माळायला हाच. पण फळ सहसा धरत नाही. तिसरा बुटका, बारीक पानांचा, गॅलरीतल्या कुंडीला सोयीचा.

तिथून आणलेली दुहेरीची फांदी मी घरी लावली, तर दोन महिन्यांत पानं पिवळी! चूक माझीच. कुंडीत चुलीची राख घातली होती, वर बोअरिंगचं जड पाणी. मसुऱ्याची जांभ्याची माती आंबट असते आणि अनंताला तीच मानवते. चुना, राख पडली की त्याला मातीतलं लोह घेता येत नाही.

तेव्हा पानकुजीचं खत घाला, जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून द्या. कळ्या आल्यावर माती कोरडी पडू देऊ नका, नाहीतर कळ्या गळतात. छाटणी बहर संपल्यावरच.

आणि फूल पिवळं पडलं म्हणून लगेच टाकू नका हं! वास अजून असतोच.