मालेगाव शोधताना

"मामू, आपल्यावर कुणी काही लिहिलेलंच नाही," असं म्हणत भाचीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ती नाशिकला समाजशास्त्रात एम. ए. करते. लघुप्रबंधाचा विषय आहे, मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या मुली शाळा मध्येच का सोडतात? विषय घरचाच. तिची नानी, म्हणजे माझी अम्मी, मालेगावात घरी बसून कांड्या भरायची.

तिने गूगल स्कॉलरवर इंग्रजीत 'मालेगाव मुस्लिम' एवढंच टाकलं होतं. समोर आले बॉम्बस्फोट आणि दंगली. २००६ मध्ये शब-ए-बरातच्या दिवशी बडा कब्रस्तानात माणसं मेली, पकडलेली पोरंही आमचीच होती, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. हे लिहिलं गेलंच पाहिजे. पण गावात शाळाही आहेत ना!

मी म्हटलं, "गावाचं नाव ठेव, बाकीचे शब्द बदल." मग पॉवरलूम, वीव्हर, मोमीन, ड्रॉपआउट असे शब्द टाकले, मालेगावच्या जागी भिवंडी टाकून पाहिलं. आता कामगारांचं आरोग्य, मजुरी, स्थलांतर दिसू लागलं. स्कॉलरचा एक फायदा मोठा: एखादा जुना लेख पुढे कुणी कुणी वापरला, ते एका क्लिकवर कळतं. खोट अशी की ज्याचा दाखला जास्त लोकांनी दिला, तेच बहुधा वर येतं. ज्यांच्याबद्दल मुळात कमी लिहिलं गेलं, ते तळाशीच राहतात.

जेस्टोरवर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक मिळतात. दंगलींवर असगर अली इंजिनिअर यांनी त्यात किती लिहिलंय! मराठीच्या नावाने मात्र तिथे जवळपास शुकशुकाट.

खरा वेळ गेला तो शोधगंगेवर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार देशभरातल्या पीएचडी प्रबंधांचं. मराठी प्रबंधाचं नाव कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये 'शिक्षण'चं स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीचं. कित्येक प्रबंध नुसते स्कॅन केलेले, त्यामुळे आतला शब्द शोधात सापडत नाही. शेवटी आम्ही विद्यापीठ, मग विभाग, असं एकेक उघडत बसलो. प्रकरणांच्या फायली वेगवेगळ्या असतात. आधी संदर्भसूची उघडायची, हे मी तिला शिकवलं. एका सूचीत महमूदुर रहमान समितीचं नाव भेटलं. राज्य सरकारने २००८ मध्ये नेमलेली ही समिती, अहवाल २०१३ चा. सच्चर समिती तिला पाठ होती, ही ठाऊकच नव्हती.

मालेगावच्या उर्दू अखबारांतलं मात्र आम्हाला कुठेच काही मिळालं नाही. त्यासाठी तिथल्या उर्दू वाचनालयातच जावं लागणार. शुक्रवारी लूम बंद असतात, कामगार घरी भेटतात, म्हणून ती शुक्रवारची एसटी पकडणार आहे.

निघण्याआधी तिने नानीलाच पहिला प्रश्न विचारला. अम्मीने शाळा चौथीत सोडली, एवढं मला माहीत होतं. का सोडली, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.