पाय टेकला तरी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची मोकळीक दिली. इतिहासाच्या शिक्षकाने लेणी अथवा शिलालेखांवर लिहावे, ही वाचकांची अपेक्षा रास्तच होय. आम्ही मात्र जुन्या मोटारसायकलींच्या एका खेळाविषयी लिहीत आहोत. वसतिगृहाच्या फाटकापासून आमची बुलेट ढकलून सुरू करून देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना याचे नवल वाटू नये.

या खेळास ‘ट्रायल्स’ म्हणतात. यात वेगाला महत्त्व नाही. ओढ्यातील गोटे, चिखल, झाडांची मुळे आणि उभी चढण असलेले छोटे छोटे टप्पे आखलेले असतात. पायपट्ट्यांवर उभे राहून, जमिनीला पाय न टेकवता स्वाराने ते पार करायचे असतात. टायरमधील हवा चार-पाच पौंडांपर्यंत उतरवलेली असते आणि इंजिन अगदी संथ चालते. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक वही घेऊन उभा असतो. पाय टेकला नाही तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन आणि त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीनच गुण दंड. थांबला, पडला वा खुणेबाहेर गेला तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी.

स्कॉटलंडमधील सहा दिवसांची ट्रायल १९०९ सालापासूनची. तेथे जॉनी ब्रिटन यांनी १९५२ व १९५७ साली रॉयल एनफिल्ड बुलेटवर विजय मिळवला. तीच बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. पुढे इंग्लंडमधील मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासचे काम चालू राहिले आणि १९७७ पासून तेथील बुलेट ब्रिटनला जाऊ लागली. जन्मगावी संपलेली वस्तू परक्या मुलखातील कामगारांच्या हातांनी जिवंत ठेवली, हा इतिहास आम्हांस कोणत्याही राजवंशाच्या इतिहासाइतकाच शिकवण्याजोगा वाटतो.

सॅमी मिलर यांनी १९६४ साली एरियल या जड इंग्रजी गाडीवर ही स्पर्धा जिंकली आणि १९६५ साली बुल्टाको या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाडीवर. तेथून जड गाड्यांचे युग मावळले. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या स्पर्धांना ‘प्री-सिक्स्टीफाइव्ह’, म्हणजे पासष्टपूर्व, असे नाव पडले.

तिकडे नोकरीस असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने अशी एक स्पर्धा पाहण्यासाठी आम्हांस किनलॉकलेव्हन या गावी नेले. डोंगरावरून उतरणाऱ्या जलविद्युतच्या नळांलगत ‘पाइपलाइन’ नावाची प्रसिद्ध चढण आहे. एक वृद्ध स्वार तेथे आला. निम्म्या वाटेत मागचे चाक घसरले. त्याने डावा पाय टेकला, मग उजवा, पुन्हा डावा. आता हा थांबणार, असे आम्हांस वाटले. पण तो तसाच पाय मारीत, धापा टाकीत माथ्यावर पोहोचला. निरीक्षकाने तीन बोटे दाखवली. स्वाराने मान डोलावली आणि तो पुढच्या टप्प्याकडे निघाला.

“सर, थांबला असता तर पाच गेले असते,” आमचा विद्यार्थी म्हणाला.

त्या वर्षी सहामाही परीक्षेनंतर आठवीतील एका मुलाचे वडील पेटी न्यायला आले. मुलगा तीन विषयांत नापास होता. “सर, पोराला झेपत नाही. माझ्यासंगं वीटभट्टीवर येईल,” ते म्हणाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. घरी मिळवते हात एकच होते. आम्ही दोघांना व्हरांड्यात बसवले आणि पाटीवर तो गुणतक्ता मांडला. “दादा, पोरगं पाय टेकत टेकत वर गेलं तरी तीनच जातात. इथून नेलंत, तर पाच.” वडील बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, “टेकवशील का पाय?” मुलगा हसला. पेटी परत खोलीत गेली.

तो पहिल्या श्रेणीत आला नाही. गणितात त्याने अखेरपर्यंत पाय टेकले; दहावीला मात्र सर्व विषय सुटले. आज तो एस. टी.च्या आगारात मेकॅनिक आहे आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण त्याच्या पगारावर चालले आहे.

शून्य गुणांच्या स्वारांची नावे फलकावर लागतात आणि ती लागलीच पाहिजेत. आपल्या शाळेच्या फलकावरही गुणवंतांची नावे आहेत. परंतु या वसतिगृहाने खरे राखले ते तीन गुणांचे विद्यार्थी. चाक घसरल्यावर पाय टेकायला त्यांना येथे जमीन मिळाली. पालकहो, पेटी न्यायला येण्यापूर्वी एकदा आमच्याशी बोला. पाटी अजून व्हरांड्यातच आहे.