पायासाठी स्टेंट

आमच्या खुलताबादेत स्टेंट म्हटलं की माणूस छातीवर हात ठेवतो. माझा स्टेंट ओटीपोटातल्या शिरेत आहे, तोही डाव्या पायासाठी. रक्ताची गाठ विरघळवून मग तो बसवला. भद्रा मारुतीच्या वाटेवर रुईच्या माळा विकणाऱ्याने हे लोकांना समजवायचं तरी कसं? समोरच्या चाचांनी विचारलंच, "पायालाही ॲटॅक येतो का भाई?"

मलाच कुठे कळत होतं! दवाखान्यातून निघताना एवढंच कानावर पडलं होतं, की स्टेंट बंद पडू शकतो, जपा. जपायचं म्हणजे पाय वर घेऊन बसायचं, की चालायचं? पुढच्या तपासणीला मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर प्रश्नच लिहून नेले.

संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंनी त्याच पानावर चित्र काढलं. डाव्या पायाची मोठी शीर पोटात उजव्या पायाच्या धमनीखालून जाते. काही जणांत ती धमनी आणि मणका यांच्यामध्ये दाबली जाते. मे आणि थर्नर यांनी १९५७ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून या दुखण्याला त्यांचं नाव आहे. माझी अडचण तीच निघाली.

"पण आता वाट मोकळी झाली ना?"

"वरची झाली, काका. खालून रक्त किती येतं, त्यावर सगळं आहे."

मग त्यांनी पाणचक्कीचं उदाहरण दिलं. नहरीला पाणीच आलं नाही, तर चक्की कितीही भक्कम असो, फिरणार कशी? मांडीतल्या शिरा जुन्या गाठीने आक्रसल्या असतील, तर स्टेंटमध्ये रक्त रेंगाळतं आणि गोठतं. सगळ्यात मोठा धोका हाच, असं त्या म्हणाल्या. दाबलेला भाग पुरता झाकला न जाणं, स्टेंट शिरेच्या मानाने लहान पडणं, थोडी गाठ आत राहून जाणं, कॅन्सर किंवा रक्तातच गोठण्याचा दोष असणं, हीही कारणं असतात. यातलं माझ्या हाती काय? काही नाही.

माझ्या हाती गोळी आहे. हृदयाच्या स्टेंटवाल्यांना ॲस्पिरिनसारख्या गोळ्या देतात, कारण धमनीत गाठ धरते ती मुख्यतः प्लेटलेट्समुळे. शिरेत रक्त संथ चालतं, तिथली गाठ वेगळी, औषधही वेगळं. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी बघून माझी गोळी बदलायची नाही. मला वॉरफरिन आहे. रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा. त्याखाली गेला तर गाठीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

गावात कुणी सांगितलं, या गोळीवर मेथी-पालक बंद. बाई म्हणाल्या, बंद नको, पण आज जुडी आणि पुढे आठवडाभर काहीच नाही, असंही नको. अंगदुखीची किंवा कसलीही नवी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. श्रावणी शनिवारच्या गर्दीतही मी आता मधूनमधून उठून चालतो, पाणी पितो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू द्या.

शिरेतला रक्तप्रवाह बघणाऱ्या डॉपलर तपासणीची तारीख मात्र चुकवायची नाही. बंद पडण्याचा धोका सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असतो, आणि लवकर कळलं तर स्टेंट पुन्हा उघडता येण्याची आशा असते. तुमच्या घरी असा कुणी असेल आणि त्याचा पाय अचानक सुजला, जड झाला, निळसर दिसू लागला, तर शेकत-चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर १०८ ला फोन लावा.