तुलूझमध्ये लेक ‘तुम्ही’ची ‘तू’ झाली

मैत्रिणींनो, लेक परदेशी शिकायला निघाली की आपण तिच्या बॅगेत काय काय कोंबतो! भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी. माझी लेक सप्टेंबर २०२२ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला एम.एस्सी.साठी गेली, तेव्हा मीही तेच केलं. तिनं ठेवलेले खेळाचे बूट मात्र, “तिथं अभ्यास करायचाय की उड्या मारायच्यात?” म्हणून मी बाहेर काढले. माझी चूक पुढं मला चांगलीच कळली.

तुलूझ मोठं देखणं गाव. घरं गुलाबी विटांची, म्हणून त्याला ‘गुलाबी शहर’च म्हणतात. मधून गारोन नदी वाहते. १६८१ साली खुला झालेला मिदी कालवा इथूनच भूमध्य समुद्राकडे निघतो. त्याच्या काठानं, झाडांच्या सावलीत, माणसं पळत असतात. तरुण पोरं तशा पांढऱ्या केसांच्या बायकाही!

पण गाव देखणं असलं म्हणून करमतंच असं नाही. वर्गातल्या मुली “बोंझुर” म्हणत, गोड हसत आणि आपापल्या वाटेनं जात. रविवारी बहुतेक दुकानं बंद. डिसेंबरात फोनवर ती रडलीच. “आई, आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही गं. परत येऊ का?” ह्यांनी तर तिकिटाची चौकशीही सुरू केली.

जानेवारीत वसतिगृहातल्या शेजारणीनं दार ठोठावलं. हँडबॉलला सात जणी लागतात, त्यांच्यात एक कमी पडत होती. लेक खो-खोतली, हँडबॉल कधी हातात धरलेला नाही. तरी गेली, तीही उसन्या बुटांत!

तिथं विद्यापीठांतून खेळांसाठी वेगळं खातंच असतं, त्याला ‘सुआप्स’ म्हणतात. प्रवेशाआधी विद्यार्थ्यांना शंभरेक युरो भरावे लागतात, त्यातलाच काही पैसा खेळांकडे जातो. म्हणून वेगळी फी अगदी थोडी. गुरुवारची दुपार तर सामन्यांसाठी शक्यतो मोकळीच ठेवतात. आणि हँडबॉल म्हणजे त्यांचा लाडका खेळ. त्यांच्या बायकांच्या संघानं २००३, २०१७ आणि २०२३ साली जगज्जेतेपद मिळवलंय, बरं का.

पहिल्याच दिवशी शिक्षक ओरडले, “रेप्ली!” म्हणजे मागं फिरा, गोल सांभाळा. हिला कळेना. ही उभीच, आणि गोल झाला! दुसऱ्या वेळी शेजारच्या मुलीनं बाही धरून हिला ओढतच नेलं. हा शब्द ती जन्मात विसरणार नाही.

त्याहून अवघड होतं ते ‘तू’. फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. वर्गात प्राध्यापकांना ‘तुम्ही’च. पण तिच्या संघात सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणत, पन्नाशीच्या शिक्षकांनासुद्धा! हिची जीभ वळेना. गुरुजींना अरे-तुरे कसं करायचं, सांगा?

एप्रिलमध्ये मी गेले, तेव्हा एक सामना पाहिला. लेक धाडकन पडली. मी उठून मराठीतच ओरडले, “अगं, लागलं का?” ती केव्हाच उठून पळत होती. शिक्षक तिच्यावर खेकसले, तशी तीही तितक्याच मोठ्यानं काहीतरी बोलली. त्यात ‘तू’ होतं, तेवढं मला कळलं. मी धास्तावले, पण ते नुसते हसले.

सामना हरलाच. पण नंतर दोन्ही संघ एकाच टेबलाभोवती जमले. ह्याला ते ‘तिसरा अर्धा’ म्हणतात. पद्धत मूळची रग्बीतली. कुणी केक आणला, कुणी चीज. मी शंकरपाळे काढले, डबा पाच मिनिटांत रिकामा! निघताना एकेकीनं माझ्या गालाला गाल लावला. मी लाजून लाल. लेक मात्र त्यांच्यात बोलत होती, भांडत होती, चुकीचं फ्रेंच बिनधास्त फेकत होती. परतीच्या तिकिटाचा विषय मी काढलाच नाही.

तेव्हा तुमची लेक निघाली, तर एवढं ध्यानात ठेवा. हॉलमध्ये खेळायला फरशीवर डाग न पाडणारे बूट लागतात. पोहायचं तर टोपी हवी; बहुतेक सार्वजनिक तलावांत तिच्याशिवाय उतरू देत नाहीत. डॉक्टरांचा दाखला काही क्लब मागतात, तो असू द्या. वजन जास्त झालं, तर लोणच्याची बरणी लहान घ्या. बूट काढू नका.