खाड्यांचा हिशेब

असल्फाच्या चढावर, घाटकोपरला माझा दवाखाना आहे. पाळीत पोट दुखतं का, असं विचारलं की ‘सगळ्यांचंच दुखतं ना मॅडम’ हेच उत्तर येतं. म्हणून मी विचारते, कामाचे खाडे किती होतात? तो हिशेब बायकांना तोंडपाठ असतो, कारण पैसे कापले जातात.

पवईत घरोघरी पोळ्या करणारी एक जण सासूसोबत आली होती. सासूबाईंना बाहेर बसवलं. पडद्यापलीकडे ऐकू जातं, म्हणून बीपीचा पट्टा बांधता बांधता खालच्या आवाजात विचारलं, त्या दिवसांत संडासला दुखतं? संबंधाच्या वेळी आत खोल कळ येते? मान खाली घालून ‘हो’ म्हणाली. लग्नाआधीपासूनचं दुखणं. मेडिकलमधून मेफ्टाल आणायची आणि कामावर जायची. सोनोग्राफी नॉर्मल आली, तेव्हा घरच्यांनी ‘नाटकं करते’ असं ठरवून टाकलं.

मला संशय आला एंडोमेट्रिओसिसचा. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यालगत वाढतो. अंडाशयात त्याची गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट, असली तर सोनोग्राफीत दिसते. पातळ, पसरलेले डाग बहुधा दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. म्हणजे त्या रोज माझ्यासमोर बसतात. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरूनही औषध सुरू करता येतं. हे फॅमिली डॉक्टरने करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. दुर्बिणीची वाट बघण्यात गरीब बाईचीच वर्षं जातात.

अंधेरीला मेट्रोने नोकरीला जाणाऱ्या मुलीचंही दुखणं हेच. तिला ‘लग्न झालं की थांबेल’ असं सांगितलेलं. लग्न झालेलं नाही म्हणून आतून सोनोग्राफी करू का, हे तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तिला एमआरआय परवडला. पोळ्या करणारीला मोठ्या रुग्णालयाची ओपीडी म्हणजे आणखी एक खाडा. म्हणून मी चिठ्ठीवर सगळी हकिगत लिहून देते, तिला प्रत्येक टेबलावर नव्याने सांगावी लागू नये.

पोळ्या करणारीला डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी सुरू केली. तिने पाळी अनियमित होते, बऱ्याचदा थांबते, आणि मग घरात ‘दिवस गेले का?’ सुरू होतं. म्हणून सुनेला विचारून सासूबाईंना आत बोलावलं. ‘‘मावशी, पाळी गोळीने थांबू शकते. मूल हवं असेल तेव्हा गोळी बंद करायची, पाळी परत येते. तोवर हिला रोज गोळी घेऊ द्या.’’